नवव्या खाटेपासून

ताटलीबाई हे काही आईवडलांनी ठेवलेलं नाव नव्हे. इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या दोन खोल्यांत जंतू तपासायची प्रयोगशाळा होती, आणि तिथे त्या सत्तावीस वर्षं काचेच्या ताटल्या वाचत बसल्या होत्या, म्हणून हे नाव पडलं. वाचत म्हणजे अक्षरशः वाचत. कुणाच्या जखमेतला, कुणाच्या घशातला नमुना कापसाच्या काडीवर यायचा. बाई ती काडी लालसर जेलीच्या ताटलीवर फिरवायच्या, ताटली उबेच्या कपाटात ठेवायच्या आणि दोन दिवसांनी वर काय उगवलंय ते उजेडासमोर धरून सांगायच्या. नवे डॉक्टर यंत्राच्या कागदाची वाट बघत बसायचे, तोवर बाईंनी निकाल देऊन टाकलेला असायचा. "हा सोनेरी ठिपक्यांचा दिसतोय ना, हा हट्टी. याला साधं औषध देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी." आणि यंत्राचा कागद आला की तोही तेच म्हणायचा. बाईंची चूक निघाली असं सत्तावीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं, आणि नेमकं हेच पुढे नडलं.

स्वभावाचं विचारू नका. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली होती: नमुने सकाळी दहाच्या आत, दहा म्हणजे दहा. दहा वाजून पाच मिनिटांनी खुद्द मोठे डॉक्टर नळी घेऊन आले तरी बाई पाटीकडे बोट दाखवायच्या. लोक चिडायचे, पाठीमागे नकला करायचे, पण नमुना बरोबर दहाच्या आत आणायचे. शिस्त लावली म्हणून बाईंनाही मनातून बरं वाटायचं. का वाटू नये? दिवसाला साठ नमुने आणि माणसं दोन. शिस्त नसती तर सगळा बाजार झाला असता.

आता धाकट्याचं सांगतो. धाकटा म्हणजे बाईंचा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि बाई सतरा. भाऊ कसला, पहिलं मूलच ते. तो बस चालवायचा. एकवीस वर्षांत कुणाला खरचटूसुद्धा दिलं नाही, आणि एका सकाळी आगारात स्वतःच्याच बसची चाकं बघायला वाकला असता मागे येणाऱ्या दुसऱ्या बसखाली त्याचा उजवा पाय सापडला. मांडीच्या हाडात सळी घालावी लागली. बाईंनी मोठ्या सिस्टरांना गळ घालून दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात त्याला खिडकीजवळची नववी खाट मिळवून दिली. नऊच खाटांचा तो वॉर्ड, हाडं मोडलेल्या, महिनोन्महिने पडून राहणाऱ्या माणसांचा.

जखम वरून भरत आली, पण माणूस आतून विझला. भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवण? नको. चहा? नको. "बरं, मग मी तरी हवी का नको?" असं बाईंनी एकदा रागानं विचारलं, तर त्यानं चादर डोक्यावरून ओढून घेतली. गालफडं बसली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं. हाडांचे डॉक्टर बाईंना जिन्यात गाठून म्हणाले, "पाय उभा राहील हो, बाई. पण माणसालाच उभं राहायचं नसेल तर मी काय करू?" बाई त्या दिवशी खाली येऊन ताटल्या वाचत बसल्या खऱ्या, पण एक ताटली त्यांनी तीनदा वाचली. त्यांना एकच भीती होती, की हा असाच भिंतीकडे बघत बघत जाणार.

आणि मग साहेब आले.

साहेब म्हणजे कुत्रा. मोठा, पिवळट, पोलिसातल्या हवालदारासारखा संथ चालणारा. त्याचा मालक निवृत्त पोस्टमन. जन्मभर कुत्र्यांनी ज्याला गल्लोगल्ली पळवलं, त्यानं निवृत्त झाल्यावर कुत्राच पाळावा, याला काय म्हणायचं! कुत्रा भेटला की आजारी माणसांना उभारी येते असं डॉक्टरांच्या लक्षात आलेलं, म्हणून दर गुरुवारी तीन वाजता साहेबांची वॉर्डात फेरी सुरू झाली. पहिल्याच गुरुवारी कुत्र्यानं नवव्या खाटेच्या गादीवर डोकं टेकलं आणि तसंच ठेवलं. धाकट्यानं बऱ्याच वेळानं मान वळवली. म्हणाला, "काय साहेब, तिकीट काढलंय का?"

अख्खा वॉर्ड हसला. सहाव्या खाटेवरचे गुरुजी तर खोकला येईपर्यंत हसले. त्या संध्याकाळी धाकटा अर्धी वाटी जेवला. बाई चादरींच्या कपाटामागे जाऊन पोटभर रडल्या, तोंड धुऊन बाहेर आल्या आणि नर्सवर उगाचच खेकसल्या. पुढच्या गुरुवारपासून धाकटा सकाळच्या चहाबरोबरचं बिस्किट उशीखाली ठेवायला लागला, साहेबासाठी. दाढी करायला लागला. कुबड्या मागितल्या.

प्राणी वॉर्डात आणायचा तर नियम आलेच. साथ रोखण्याचं काम एका तरुण डॉक्टरीणबाईकडे होतं. तिनं ठरवलं की दर गुरुवारी कुत्र्याच्या अंगावरून काडी फिरवून नमुना तपासायचा, आणि कुत्र्यानं दाराजवळच्या पहिल्या खाटेपासून खिडकीजवळच्या नवव्या खाटेपर्यंत क्रमानं जायचं. तसा छापील तक्ताच होता, त्यावर पोस्टमनकाका सही करायचे.

पण बाई जंतूंच्या गावच्या. त्यांचं डोकं लगेच चाललं. साहेब येतो तो सकाळीच आंघोळ करून आलेला असतो, पण नवव्या खाटेपर्यंत पोचेस्तोवर आठ जणांचे हात त्याच्या डोक्यावरून फिरलेले असणार. नको रे बाबा! धाकट्याच्या मांडीत सळी आहे. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी काकांना जिन्याशी गाठलं.

"काका, एक मागू?"

"तुम्ही आणि मागणार? आज सूर्य कुठून उगवला?"

"साहेबाला नवव्या खाटेपासून सुरू करा. मग आठ, सात करत दाराकडे या. धुतलेल्या अंगाला पहिला हात माझ्या भावाचा पडू दे."

काका हसले. "अहो, टपाल या टोकानं वाटलं काय नि त्या टोकानं वाटलं काय. पोचल्याशी कारण." तक्त्यावर ते पूर्वीसारखीच सही करत राहिले. बहिणीनं भावासाठी एवढीशी लबाडी केली तर कुणाचं काय बिघडलं, असं बाईंनी मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या हुशारीवर त्या थोड्या खूशही झाल्या.

आठवडे जात राहिले. कुत्र्याचा नमुना दर गुरुवारी सकाळी नऊला यायचा, शनिवारी ताटली उघडायची, आणि ताटली कोरी. बाई लिहायच्या, काही आढळलं नाही, आणि खाली सही. मोठ्या सिस्टर तो कागद वॉर्डाच्या भिंतीवर लावायच्या. एवढी स्वच्छता आमच्या माणसांची नाही, असं त्या म्हणायच्या, आणि नर्सना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.

पाचव्या आठवड्यात आठव्या खाटेवरच्या गवंड्याची जखम लाल झाली. ताटलीवर सोनेरी ठिपके. हट्टी. बाईंनी फोन केला, औषध बदललं, गवंड्याला बंद खोलीत हलवलं. होतं असं इस्पितळात. आठव्या आठवड्यात तिसरी खाट. तेच ठिपके, तोच हट्टीपणा, तीच औषधं निकामी. तेव्हा मात्र डॉक्टरीणबाईनं भिंतीवर वॉर्डाचा नकाशा लावला आणि त्यात लाल टाचण्या टोचल्या. नळ तपासले, गाद्या तपासल्या, नर्सचे हात तपासले. एका नर्सला तर घरी बसवलं, आणि ती बिचारी रडत रडत गेली. कुत्र्याचा विषय निघाला तेव्हा मोठ्या सिस्टरांनी भिंतीवरच्या कागदांकडे हात केला. "बाईंची सही आहे. आणखी काय पाहिजे?"

दहाव्या आठवड्यात गुरुजी.

गुरुजी म्हातारे, खुबा मोडलेले. कुत्रा आला की त्याला पाढे विचारायचे. "साहेब, बे दुणे?" कुत्रा शेपटी हलवायचा आणि गुरुजी म्हणायचे, "शाबास, चार!" त्यांना एका दुपारी थंडी वाजून आली. जखमेतला हट्टी रक्तात उतरला होता. बाईंनी रक्ताची ताटली उजेडात धरली, तर सगळी ताटली सोनेरी होती. पुढच्या शुक्रवारी सकाळी गुरुजी गेले. सहावी खाट धुऊन, पुसून, नवी चादर घालून तयार ठेवली. धाकट्यानं बाईंचा पदर धरला आणि लहानपणी विचारायचा तसं विचारलं, "ताई, आता माझा नंबर का गं?"

"वेडा आहेस का! तुझी जखम कोरडी आहे. आणि तो हात आधी काढ तिथून."

कारण त्याचा दुसरा हात पट्टीच्या कडेखाली होता. जखम भरताना खाज सुटते, आणि त्याला तर जरा जास्तच सुटायची. बाई दहादा ओरडायच्या, तो दहादा हात काढायचा, आणि त्यांची पाठ वळली की परत घालायचा.

शनिवारी बाईंनी कुत्र्याची अकरावी ताटली उघडली. कोरी. सवयीनं लेखणी हातात घेतली, 'काही' एवढं लिहिलं आणि थांबल्या. शेजारी गुरुजींची ताटली अजून टेबलावरच होती. बाई एकदा तिकडे बघत, एकदा इकडे.

काहीच नाही? बाईंनी स्वतःचा हात साबणानं चोळून धुतला आणि काडी फिरवली तरी चार साधे, निरुपद्रवी ठिपके उगवायचेच. जिवंत कातडीवर काहीतरी असतंच. मग हा केसाळ प्राणी, मातीत लोळणारा, गटारं हुंगणारा, आणि याच्या अंगावर एक साधा जंतूही नाही? तेही एकदा नव्हे, अकरा वेळा? अगं बाई! ताटली कोरी म्हणजे कुत्रा निर्दोष असं नव्हेच. ताटली कोरी म्हणजे नमुनाच फुकट. हे पहिल्या आठवड्यात कळायला हवं होतं. शिकाऊ मुलीलाही कळलं असतं. पण बाईंना कोरी ताटली हवी होती, म्हणून त्यांनी ती वाचलीच नव्हती. धाकटा जेवत होता ना.

त्यांनी काकांना फोन लावला. "काका, काडी केव्हा फिरवता?"

"सहाला आंघोळ घालतो. डॉक्टरांनी दिलेला औषधी साबण, दोनदा. पुसतो आणि लगेच काडी. दहाच्या आत पोचवायचा असतो ना तुमच्याकडे!" मग काका म्हणाले, "मी एकदा विचारलं होतं तुम्हाला, बाई. फेरी झाल्यावर संध्याकाळी आणला तर चालेल का म्हणून. तुम्ही पाटीकडे बोट दाखवलंत."

बाईंना ते आठवत होतं. दोनदा विचारलं होतं त्यांनी.

सोमवारी त्या डॉक्टरीणबाईकडे गेल्या आणि साबणाचं, वेळेचं सगळं सांगितलं. क्रमाचं सांगायचं मात्र राहिलं. राहिलं म्हणजे, तोंडाशी आलं आणि त्यांनी गिळलं. डॉक्टरीणबाई शहाणी पोरगी, तिनं आरडाओरडा केला नाही. म्हणाली, "फेरी बंद. पण कुत्रा बाहेरून आणतोय की वॉर्डातून उचलतोय ते कळायला हवं. या गुरुवारी त्याला फक्त दोन टोकांच्या खाटांवर न्या. एक आणि नऊ. दोघंही ठणठणीत आहेत. दाराशी एक काडी, पहिल्या भेटीनंतर एक, दुसऱ्या भेटीनंतर एक. काड्या तुम्ही स्वतः फिरवा, बाई. मला दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

बाईंनी तीन नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दार. पहिली. दुसरी.

गुरुवारी तीन वाजता साहेब आले. दाराशी बाईंनी त्याच्या डोक्यावरून, पंजांवरून, ओठांच्या कडेवरून काडी फिरवली. कुत्रा शहाण्यासारखा उभा राहिला आणि मग सवयीनं खिडकीकडे ओढ घेऊ लागला. काकांनी बाईंकडे बघितलं. आधी एक, मग नऊ, असं बाई म्हणू शकल्या असत्या. तोंड उघडलंही. पण पहिल्या खाटेवर सुतार होता, हाताची तीन बोटं करवतीत गेलेला, आणि त्याचा हात लागल्यावर तोच कुत्रा धाकट्याकडे जाणार. तीन माणसांना लागण झाली होती, एक गेलं होतं. बाईंच्यानं धीर धरवला नाही. "जाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "आधी नवव्यालाच."

धाकट्यानं पट्टीखालचा हात काढला, उशीखालचं बिस्किट घेतलं, साहेबाला भरवलं आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं कुरवाळलं. "साहेब, आज बाकीचे प्रवासी कुठे गेले?" बाईंनी काडी फिरवली. पहिली. मग कुत्रा वॉर्ड ओलांडून सुताराकडे गेला. सुतार शनिवारी घरी जाणार होता, खुशीत होता. त्यानं धडधाकट हात पुढे केला, कुत्र्यानं तो मनसोक्त चाटला. बाईंनी काडी फिरवली. दुसरी.

शनिवारी सकाळी बाईंनी कपाट उघडलं. दाराच्या ताटलीवर चार साधे ठिपके होते, हट्टी नव्हता. पहिलीवर सोनेरी ठिपके होते. दुसरीवरही होते, जरा कमी.

पहिली म्हणजे नववी. कुत्रा दाराशी धुतलेला होता, आणि धाकट्याच्या हाताखालून निघाला तो हट्टी घेऊन निघाला. या एका गुरुवारीच नव्हे, सगळ्या गुरुवारी. धाकट्याला वाचवायला म्हणून त्यांनी कुत्र्याला नवव्यापासून सुरू केलं, आणि धाकट्याच्या हातावरचं घेऊन तो आठवर गेला, सहावर गेला, तीनवर गेला. डॉक्टरीणबाईच्या क्रमानं गेला असता तर नववी खाट शेवटची होती. तिथून तो घरी गेला असता, औषधी साबणानं धुतला गेला असता, आणि गुरुजी आज पाढे विचारत असते.

डॉक्टरीणबाईचा फोन आला. "बाई, आलं का काही?"

"पहिल्या नळीत आलंय," बाई म्हणाल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात.

"पहिल्या? म्हणजे सुतार! अहो, त्याला आत्ता घरी सोडतायत. थांबा, मी थांबवते." फोन खाली.

बाई हातातल्या फोनकडे बघत राहिल्या. आता काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं. धाकट्याची जखम वरून कोरडी, कुणी तिकडे बघणार नाही. सुताराला बंद खोलीत टाकतील, चार औषधं देतील, त्याचं काय जातंय? आणि धाकट्याला त्या बिनखिडकीच्या खोलीत टाकलं तर? ना कुत्रा, ना शेजारी, तोंडाला फडकी बांधलेली माणसं. तो परत भिंतीकडे वळेल आणि या वेळी परत यायचा नाही. बाईंनी त्याला आपल्या हातांनी वाढवलं होतं. पण सळीपर्यंत हट्टी पोचला असेल तर पाय जाईल, हेही त्यांना माहीत होतं. मग त्यांनी स्वतःला समजावलं की आपण गुपचूप औषध सुरू करून घेऊ. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

मग त्या वर गेल्या. का गेल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

वॉर्डाच्या दाराशी सुताराची बायको उभी होती, काखेत कपड्यांची पिशवी. आतून सुताराला चाकाच्या खुर्चीतून दुसरीकडे नेत होते आणि तो विचारत होता, "पण मला ताप नाही, काही नाही, मी केलं काय?" बायको बाईंना ओळखत होती. "बाई, तुम्ही तपासता ना? तुम्हाला कळतं. एवढं सांगा, यांच्यामुळे ते गुरुजी गेले का हो?" आणि नवव्या खाटेवर धाकटा कुबड्या टेकून चक्क उभा होता. खूप दिवसांनी स्वतःहून उभा. "ताई, बिचाऱ्या सुताराला काय झालं गं?"

बाई तशाच मागे फिरल्या आणि डॉक्टरीणबाईच्या खोलीत शिरल्या. "सुताराला सोडा. पहिली नळी नवव्या खाटेची आहे."

"काय?"

"कुत्रा उलटा फिरवला. दुसऱ्या आठवड्यापासून उलटाच फिरतोय. मीच सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईनं नकाशावर बोट ठेवलं, नवव्या खाटेवर, आणि ते सावकाश आठवर नेलं, सहावर नेलं, तीनवर नेलं. मग ती तोंडावर हात घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाईंना वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी धाकट्याची जखम उघडली. वरती छान खपली आणि खाली सळीलगत पू. एका कोपऱ्यातून केसाएवढी वाट बाहेर आलेली, नेमकी तो खाजवायचा तिथे. सळी काढली. पाय राहिला, पण आखूड झाला. बंद खोलीत तो साडेतीन महिने होता. सुताराच्या तळहातावर हट्टी सापडला, दहा दिवस त्याला ठेवून घेतलं, मग हात धुऊन धुऊन तो गेला आणि सुतारही घरी गेला. घरी बसवलेल्या नर्सला परत बोलावलं, पण ती दुसऱ्या इस्पितळात लागली होती. साहेबाला काही झालं नव्हतं. काका म्हणे त्याला आता फक्त मैदानात फिरवतात. चौकशी झाली. बाईंनी सगळं सांगितलं, उलट्या फेरीसकट, पाटीसकट. सत्तावीस वर्षं जमेस धरून त्यांना समज देण्यावर भागवलं. बाईंना वाटलं, एवढंच?

बंद खोलीत पहिल्या दिवशी धाकट्यानं विचारलं. झाडणाऱ्या मावशीकडून त्याला कळलं होतं. अशा गोष्टी कळायला वेळ लागत नाही.

"ताई, गुरुजी माझ्यामुळे गेले?"

"माझ्यामुळे गेले," बाई म्हणाल्या. "कुत्र्याला मी उलटा फिरवला. काडीची वेळ मी ठरवली. कोऱ्या ताटल्यांवर सह्या मी केल्या. तू काय केलंस? खाज आली, खाजवलंस."

"पण हात माझाच होता ना," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

त्यानंतर ते हात बाहेर येईनात. जेवण आलं की तोंड उघडायचा आणि नर्सनं भरवायचं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी हात मागितला की आधी विचारायचा, "हातमोजे घातलेत ना?" तो भिंतीकडे वळला नाही. जेवायचा, चालायचा, सांगितलेला व्यायाम करायचा. नुसते हात तेवढे लपवायचा.

पाचव्या महिन्यात तो बाईंच्या घरी आला. हाताचे, नाकाचे, जखमेचे नमुने बाईंनी तीनदा घेतले होते, या वेळी संध्याकाळी, न धुतलेल्या अंगाचे. तीनही वेळा साधे चार जंतू उगवले, जे सगळ्यांच्या अंगावर असतात ते, आणि हट्टी नाही. बाईंनी ते ठिपके बघितले आणि देवाला हात जोडले.

पुढच्या रविवारी बाईंची मुलगी दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. धाकटा पलंगाच्या कडेला बसला होता, दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. मुलगी म्हणाली, "मामा, घे ना तिला. बघ कशी बघतेय तुझ्याकडे."

"नको गं."

"अरे, पडत नाही ती. मी धरते एका बाजूनं."

"नको म्हटलं ना." त्याचा आवाज चढला, बाळ दचकलं. तो लगेच ओशाळला. पोरीकडे बघून हसला, जीभ काढून दाखवली, पण हात काढले नाहीत.

बाई आत गेल्या आणि कपाटातून तीनही कागद घेऊन आल्या. त्याच्यासमोर धरले, कारण तो हातात घेणार नव्हता. "वाच. तीनदा तपासलंय. हट्टी नाही. तुझ्या हाताला काहीही नाही, राजा. घे तिला."

त्यानं सगळे कागद वाचले. सावकाश, एकेक ओळ, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग मान वर करून त्यानं विचारलं, "साहेबाच्या कागदांवरही असंच लिहायचीस ना, ताई?" तो रागावला नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं.

बाई कागद तसेच धरून उभ्या राहिल्या. बाळ रडायला लागलं, आणि मुलगी तिला घेऊन आतल्या खोलीत गेली.